किल्ल्याच्या पोथीचा अर्थ

सोना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुरबाडच्या शाळेत चौथीच्या मुलांना कवितेतल्या कठीण शब्दांचे अर्थ सांगत होतो. दारात गोविंदा गाडीवान येऊन उभा राहिला. गवताच्या गासड्या आटगाव स्टेशनात पोचवायचा त्याचा धंदा. जाता-येता आमच्या शेणवे गावावरून त्याची वाट, त्यामुळे घरचे निरोप तोच आणायचा. एरवी तो अंगणातूनच हाक मारी. त्या दिवशी त्याने टोपी काढून हातात धरली होती. "पोरांना सोडा, मास्तर," तो म्हणाला. "सोनाबाय गेली. काल दुपारी." मी खडू खाली ठेवला आणि काय कोण जाणे, फळ्यावरचा अर्धवट राहिलेला अर्थ पुरा लिहिला. मग मुलांना सोडलं.

सोना माझ्या धाकट्या भावाची, भिवाची बायको. हिवतापाने गेली. मी पोचेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं; त्यांनी काल संध्याकाळीच उरकलं होतं, हे गोविंदाने गाडी जुंपतानाच सांगून टाकलं, म्हणजे मी उगाच घाई करू नये. किन्हवलीच्या बाजूने गाडी निघाली. पुढे एका चढाला बैल थबकले, तेव्हा खाली उतरून चाकाला खांदा देत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माझं नशीब पोथीनं आडवलं, मास्तर. तुमची काय चूक नाय त्यात. पोथीत जे निघालं ते निघालं." मी गाडीत बसून होतो. त्याच क्षणी मला बोलता आलं असतं. चाक वर चढलं, तो पुन्हा जुवाजवळ येऊन बसला, आणि मी त्याला बैलांना पाणी कुठे पाजणार ते विचारलं...

ज्यांनी सोनाला पाहिलं नाही त्यांना तिच्याबद्दल काय सांगावं? मी तिच्याशी उभ्या आयुष्यात सरळ एक वाक्य बोललो नाही, ती माझ्याशी बोलली नाही. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण एका घरात राहायचं म्हणजे बोलावं तर लागतंच. त्यासाठी माझी मुलगी ठकी होती. तिची आई तिला जन्म देऊनच गेली. सोना नवी नवरी म्हणून घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मांडीवर ठकी होती. मी ओटीवर जेवायला बसलो की आतून आवाज यायचा, "ठके, तुझ्या बापसाला विचार, भात वाढू का? का आज शाळेतच पोट भरलं?" ठकी माझ्यापासून दोनच हातांवर बसलेली. मी म्हणायचो, "काकीला सांग, थोडा वाढ." ठकीने तोंड उघडायच्या आत भात ताटात पडलेला असायचा. कधी ठकी झोपलेली असली तर सोना मांजराला सांगायची. "मांजरा, मास्तरांना सांग, छत्री गळते. निस्ती मिरवाया नेऊ नका." मांजर माझ्याकडे बघायचं आणि मी मांजराला 'बरं' म्हणायचो.

भिवा पलटणीत गेला तो लढाई लागल्यावर. तिकडे सिंगापूर पडलं, आणि पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी कागद आला की तो बेपत्ता आहे. मेला असं कागदात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. मीच तो वाचला आणि ठकीला सांगितला. आत भांडी वाजायची थांबली. मग आतून आवाज आला, "ठके, विचार, बेपत्ता म्हंजे काय?" मी शब्दाचा अर्थ सांगितला. सरळ सांगितला, तेवढ्यापुरता.

आता त्या पुस्तकाबद्दल. लढाईत कागद मिळेनासा झाला होता. शहापूरच्या वाण्याकडे पुड्या बांधायला जुनी पुस्तकं रद्दीत येत. असंच एक पुस्तक मी मुलांच्या लिहून संपलेल्या वह्या देऊन सोडवून आणलं. सुरुवातीची पानं पुड्यांना गेलेली, नाव कळायला मार्ग नव्हता, लिहिणाराही कोण ते कळेना. शेवट मात्र शाबूत होता. कादंबरी होती, ऐतिहासिक आणि रहस्याची. पेशवाईतली लढाई चालू आहे, डोंगरी किल्ल्याला शत्रूचा वेढा पडलाय, आणि एका पहाटे आतून कडी लावलेल्या खोलीत किल्लेदार मरून पडलेला सापडतो. दारूकोठाराची किल्ली नाहीशी झालेली. आणि त्याच रात्रीपासून रायाजी नावाचा एक पहारेकरी बेपत्ता. किल्लेदाराला मारून रायाजी शत्रूला जाऊन मिळाला, असं सगळे म्हणतात. एक म्हातारा सबनीस तेवढा म्हणतो, नाही. वेढा आवळत जातो, धान्य संपत येतं, आणि तो म्हातारा काठी टेकत, एकेकाला गाठून, शोध घेत हिंडतो.

श्रावणात आमच्या पडवीत पोथी वाचायचं काम माझ्याकडेच असे. त्यामुळे मी पुस्तक उघडून बसलो म्हटल्यावर लोकांना ते पोथीसारखंच वाटणार, यात नवल नव्हतं. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून वाचन रविवारी दुपारचं. भात झोडून झालेलं, चिंचा फोडायचे दिवस. बाया पुढ्यात चिंचेचे ढीग घेऊन बसत, बापे दोर वळीत. पहिल्या दिवशी सोनाने पाटावर फडकं घातलं, त्यावर ते फाटकं पुस्तक ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी ठकीला म्हटलं, "काकीला सांग, ही पोथी नाही, कादंबरी आहे." आतून उत्तर, "ठके, सांग, अक्षरं त्यात पण तीच असतात ना?" पुढे गावाने त्या पुस्तकाला नावच पाडलं, किल्ल्याची पोथी.

वाचण्याची पद्धतही पोथीचीच राहिली. मी एक परिच्छेद वाचायचा आणि मग त्याचा अर्थ सांगायचा. कारण पुस्तकातली भाषा फार भारदस्त होती. 'तमिस्रेच्या गर्भात तो नरशार्दूल निस्तब्ध उभा होता' असं मी वाचलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. मग मी म्हणायचो, "काळोखात तो गप उभा होता." "मंग असं सांगा ना," म्हातारी पारूआत्या म्हणायची, "उगा वाघाला कशाला आणता मधी?" पारूआत्या आमच्या शेजारची. तिचा संशय पहिल्यापासून गडाच्या हवालदारावर. "तोच हाय मेला. लई गोड बोलतो. माझा जावई पण असाच बोलायचा." कोणी म्हणे किल्लेदाराच्या बायकोनेच केलं, कोणी म्हणे सबनीसच लबाड, शोधाचं नुसतं नाटक करतोय. दूर माहुलीचे सुळके दिसत. पोरं बोट दाखवून तिथेच सगळं घडलं असं ठरवून मोकळी झाली होती. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण लोक इतक्या मनापासून ऐकताना मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

सोना उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून बसायची. मला फक्त तिचे चिंच फोडणारे हात दिसत. खुनी कोण याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. दर रविवारी वाचन संपलं की तिचा एकच प्रश्न, "ठके, विचार, रायाजीचं काय कळलं का?" गडाच्या पायथ्याच्या वाडीत रायाजीची बायको रोज संध्याकाळी वर बघत उभी राहते, असं एका प्रकरणात होतं. ते वाचलं त्या दिवशी हात थांबले होते. मी ते पाहिलं. तरीही मी वाचतच राहिलो.

याच सुमाराला गोविंदाने सोनासाठी शब्द टाकला. त्याची बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुपारी बैल सोडायचा तो आमच्याच आंब्याखाली, आणि किल्ल्याची पोथी ऐकायला पडवीच्या कडेला बसायचा. नवरा नाहीसा झालेल्या बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला आमच्या पंचांची ना नव्हती. त्यांनी एवढंच म्हटलं, पोथी बसलेली आहे, समाप्ती होऊ दे, मग सोनाला विचारू. पोथी चालू असताना सोयरीक बोलायची नाही, ही घराघरातली जुनी समजूत. पारूआत्याने सोनाच्या कानावर घातलंच होतं. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "समाप्ती होऊ दे." आणि त्यानंतरच्या रविवारी, गोविंदा आला तेव्हा, आतून आवाज आला, "ठके, गाडीवानांना विचार, बैलांना पेंड घालतात का नुस्ता चाबूक?" गोविंदा लाजून हसला. "सांग गो तिला, चाबूक निस्ता खांद्यावर टाकायला असतो." पडवी हसली. मी पान उलटलं.

इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबणार नाही. मी त्या दिवसापासून वाचन लांबवायला लागलो. अर्थ घोळून सांगायचो, एक रविवार शाळेचं काम काढलं, एक रविवार घसा बसला म्हणालो. बाहेर कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, भिवा परत आला तर काय, याची मला काळजी आहे. आजवर मी स्वतःलाही तेच सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. सोना गोविंदाच्या घरी मुरबाडला गेली तर ठकीला कोण बघणार? माझं जेवण, माझं घर, माझी पोर, हे सगळं तिच्या हातांवर चाललेलं, आणि ते तसंच चालावं असं मला वाटत होतं. दुसरं लग्न करायचं माझ्या मनात नव्हतं. त्याची गरजच तिने पडू दिली नव्हती. हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा हे मी एका वाक्यातही मनाशी बोललो नव्हतो.

शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशी एकट्याने वाचून पाहिलं. खुनी हवालदारच निघाला, पारूआत्या बरोबर होती. रायाजीने त्याला किल्लेदाराच्या खिडकीतून उतरताना पाहिलं होतं, म्हणून हवालदाराने त्याच रात्री रायाजीला मारून गडावरच्या पाण्याच्या टाक्यात दगड बांधून सोडलं होतं. वेढा पडलेला, पाणी दुसरं नाही. सगळा गड तेच पाणी पीत राहिला आणि रायाजीला फितूर म्हणत राहिला.

रविवारी पडवी भरली होती. समाप्तीचा नारळ पाटाजवळ ठेवलेला. गोविंदाने धुतलेला सदरा घातला होता. मी वाचायला लागलो. आणि हे मी सांगितलंच पाहिजे की मी पान खरं वाचलं. एक अक्षर बदललं नाही. 'जलकुंडाच्या अंतर्भागी पाषाणबद्ध असा त्या स्वामिनिष्ठाचा देह गतप्राण पडला होता', असं जे छापलं होतं तसंच मोठ्याने वाचलं. मग पुस्तकावर बोट ठेवून अर्थ सांगितला. मी म्हणालो, टाक्याच्या आत कपारीत दगडाआड रायाजी लपून राहिला होता. हवालदाराला पकडून देईपर्यंत त्याला बाहेर पडता येत नव्हतं. वेढा उठला तेव्हा तो बाहेर आला. सगळे त्याला मेला समजले होते, पण तो जिवंत होता. आणि तो पायथ्याच्या वाडीत घरी गेला.

पडवीत एकच गलका झाला. पारूआत्या ओरडली, "मी बोल्लेच व्हते, हवालदार! जावयासारखाच!" कोणीतरी नारळ फोडला. गोविंदा बसल्या जागी तसाच होता. मग त्याने खाली पडलेलं चिंचेचं एक टरफल उचललं, बोटांत मोडलं, आणि उठून बैल जुंपायला गेला. पोथीत हरवलेला परत आला होता; गावाच्या लेखी तो भिवा परत येण्याचाच कौल होता. आता तो कुठल्या तोंडाने विचारणार? पंचांनीही मग विषय काढला नाही. सोना बाहेर आली, खाली मान घालून तिने पुस्तकाला हळद लावली. जाताना ठकीला म्हणाली, "ठके, तुझ्या बापसाला पाणी दे. घसा सुकला असंल."

त्या वाक्यावर मी किती वर्षं घालवली ते माझं मला माहीत. पान तर मी खरं वाचलं होतं. श्रावणामागून श्रावण माझ्या पोथ्या ऐकून तिचा कान तयार झाला होता. 'देह' कळायला फार शिकावं लागत नाही. तिला कळलं होतं का? कळूनही ती माझ्या अर्थाच्या बाजूने राहिली का? की तिने खरंच विश्वास ठेवला? मला विचारता आलं असतं. ठकी होती, मांजर होतं. मी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला ते पेलणार नव्हतं.

पुढच्या वर्षी गोविंदाने धसईची मुलगी केली. लढाई संपली, तिकडचे कैदी परत यायला लागले. भिवाच्या पलटणीतला एक जण शहापूरला भेटला. त्याने भिवाला तिकडेच पुरताना स्वतः पाहिलं होतं. मी घरी येऊन ठकीला सांगितलं. ठकी रडली. आतून बऱ्याच वेळाने आवाज आला, "ठके, सांग, रायाजीला पण सगळे मेलाच बोलत व्हते." तिने कुंकू पुसलं नाही. लोक तिला हसत नव्हते, उलट मानायचे. म्हणायचे, पोथीवर अशी श्रद्धा हवी. ठकी मोठी झाली, आटगावला दिली. माझी बदली मुरबाडला झाली. घरात सोना एकटी उरली... माझ्या घरात, माझ्या भावाची वाट बघत. मी सुट्टीत गेलो की आता मधे बोलायला कोणी नसायचं. मांजरही गेलं होतं. ती ताट वाढून ठेवायची आणि आत जायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी ठकीला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. पूर्ण ऐकून घेतलं तिने, मधे एकदा जाळ सारखा केला. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. ती म्हणाली, "बापू, तुमी तवा खरं सांगितलं असतं तर काकी गेली असती. मंग माझी वेणी कोणी घातली असती?" ती पुढे म्हणाली, "म्हंजे चोरीतला वाटा मला पण मिळाला. मला सांगून तुमचं काय हलकं व्हनार? मी काय तुमाला माफ करू, मी तर तुमच्याच बाजूची निघाले." तिने पदराने तोंड पुसलं. "ज्याचं गेलं त्याला सांगा. नि सरळ सांगा. आता मधी बोलायला मी नाय यायची."

मुरबाडला परत येऊन मी काही दिवस टाळलं. मग बाजाराच्या दिवशी गवताच्या वखारीत गेलो. गोविंदा गाडीवर गासड्या रचून दोर आवळत होता. मी त्याच्याजवळ उभा राहून सांगितलं. अर्थ चुकीचा सांगितला हे सांगितलं, का सांगितला तेही सांगितलं, माझी पोर आणि माझं जेवण हे शब्दही वगळले नाहीत. तो दोर आवळतच राहिला. गाठ मारून झाल्यावर त्याने विचारलं,

"म्हंजे रायाजी त्याच राती मेला व्हता?"

"हो."

"पाण्यात?"

"हो."

"नि त्याची बायको? ती खालती उभी राह्यची ती? तिला कोणी जाऊन सांगितलं का?"

मी आठवून पाहिलं. वेढा उठतो, हवालदाराला तोफेच्या तोंडी देतात, सबनिसाला मानाची वस्त्रं मिळतात, गडावर नगारा वाजतो, तिथे पुस्तक संपतं. "नाही," मी म्हणालो. "तिचं पुढे काही लिहिलेलं नाही."

गोविंदाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मंग लिवनारा पण तुमच्यासारखाच," तो म्हणाला, आणि गाडीवर चढून त्याने बैल हाकले.